फोन असता तर वाजला असता!

घरी आले, चपला काढल्या, आईने आतून विचारलं, ‘जेवणारेस ना?’ आणि मी नेहमीसारखी बॅग सोफ्यावर उलटी केली. डबा, छत्री, पॉवर बँक, दोन पेनं, रेल्वेचा पास, अर्धी खाल्लेली चिक्की... सगळं होतं. किंडल नव्हतं.

मग सुरू झाला तो नेहमीचा कार्यक्रम. जे कप्पे दोनदा बघून झालेत तेच तिसऱ्यांदा बघायचे. ज्या कप्प्यात पाकीटही धड मावत नाही, त्यात हात घालून सहा इंची स्क्रीन शोधायचा. एकीकडे डोक्यात फ्लॅशबॅक. अंधेरीला डहाणू लोकल पकडली. पालघरला खिडकी मिळाली आणि त्याच आनंदात पुस्तक उघडलं. उमरोळी गेलं तेव्हा किंडल मांडीवर होतं, हे शपथेवर सांगते. बोईसरला उतरताना मात्र... ब्लँक! पुढे स्टेशनबाहेरून सालवडची शेअर रिक्षा, मागच्या सीटवर दाटीवाटीने आम्ही तिघी, माझ्या मांडीवर बॅग आणि बॅगेवर शेजारणीची भाजीची पिशवी. म्हणजे गाडी, रिक्षा किंवा रिक्षा सोडल्यापासून घरापर्यंतचा अंधारा बोळ. संशयित तीन.

‘रिंग मार ना!’ धाकट्या भावाने मोबाइलमधून मान वर न काढता सल्ला दिला.

इथेच तर सगळी गोची आहे, मंडळी. फोन हरवला की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? दुसऱ्याच्या फोनवरून रिंग मारतो. सायलेंटवर असला तरी तो कंपनीच्या ‘फाइंड’वाल्या पानावरून वाजवता येतो, नकाशावर दिसतो. किंडलला यातलं काहीच नाही. सिम नाही, जीपीएस नाही, रिंग नाही. शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी ‘संचार साथी’वर ब्लॉक करायला सांगितलं. पण मे २०२३मध्ये देशभर सुरू झालेली ती सोय मोबाइलसाठी आहे, आयएमईआय नंबरवर चालते. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या किंडलला तो नंबरच नसतो, असतो फक्त सीरियल नंबर. थोडक्यात, चोराच्या किंवा सापडणाऱ्याच्या हातात ते एक शांत, सज्जन, तोंडातून ब्र न काढणारं यंत्र असतं. वर बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणजे समोरच्याकडे वेळही भरपूर!

‘एवढं काय, नवीन घे,’ असं म्हणणाऱ्यांनी आमच्या लाइनवर एकदा येऊन बघावं. एप्रिल २०१३मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत यायला लागली. तारापूर एमआयडीसीत नोकरीला असलेले तिकडून इकडे आणि मुंबईत ऑफिस असलेले इकडून तिकडे, अशी दोन्ही बाजूंची माणसं रोज दोन-दोन तास गाडीत काढतात. जाडजूड कादंबरी उभ्याने एका हातात धरून वाचायची तर मनगट कामातून जातं. डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं मिळायला लागली आणि माझ्यासारखीची लॉटरीच लागली. विरार ते बोईसर या पट्ट्यात मी जेवढं वाचलंय तेवढं कॉलेजच्या लायब्ररीत पण वाचलेलं नाही. आणि नवीन घ्यायचं म्हणाल, तर मध्यंतरी बराच काळ भारतात नवं किंडल मिळणंच मुश्किल होतं. एप्रिल २०२५मध्ये पेपरव्हाइट परत आलं ते १६,९९९ रुपयांना. फ्रीलान्सरच्या महिन्याच्या हिशेबात हा आकडा कुठे बसतो ते विचारू नका.

पण खरं सांगू? रात्री साडेअकराला पोटात गोळा आला तो या आकड्यामुळे नाही.

आधी डोक्यात आलं ते पैशांचंच. माझ्या किंडलला पासकोड नव्हता. (हो, माहितीये. प्रत्येक वेळी चार आकडे कोण दाबत बसणार, असा आळशी विचार.) पासकोड नसलेलं किंडल उघडलं की थेट तुमचं खातं समोर. दुकानाचं बटणही तिथेच आणि पुस्तक विकत घ्यायला एक क्लिक पुरतो. कोणी वायफाय जोडून माझ्या नावावर पन्नास पुस्तकं घेतली असती तर? मग लक्षात आलं की शेअर रिक्षातून उचललेल्या वस्तूवर पन्नास पुस्तकं घेणारा माणूस भेटला तर मी त्याचा सत्कार करेन. पैशाची भीती तिथेच संपली.

दुसरी भीती मात्र वाढत गेली. किंडलमध्ये फक्त कादंबऱ्या नव्हत्या. एका लेखासाठी मी एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या तिघांशी बोलले होते. शिफ्टमध्ये काय काय चालतं, सेफ्टीची कोणती सामग्री फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर निघते, वगैरे. नाव छापायचं नाही, कंपनी छापायची नाही, या बोलीवर ते बोलले होते. त्या मुलाखती टाइप करून मी एक पीडीएफ बनवली होती, गाडीत निवांत वाचून खुणा करायला. त्या पीडीएफमध्ये नावं होती. डिपार्टमेंट होतं. एकाचा मोबाइल नंबरसुद्धा होता. आणि रिक्षा चालली होती सालवडला, जिथे दर दुसऱ्या घरातला कोणी ना कोणी त्याच एमआयडीसीत कामाला आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पत्रकार आहोत? पण आठवून बघा, तुमच्या ई-रीडरमध्ये काय काय आहे ते. ऑफिसचं डॉक्युमेंट ‘घरी जाताना वाचते’ म्हणून टाकलेलं? ऑफर लेटर? सोनोग्राफीचा रिपोर्ट? बाकी सगळं सोडा, नुसती पुस्तकांची यादी बघितली तरी माणूस कळतो. नोकरी कशी सोडावी, घटस्फोटाचा कायदा, डिप्रेशनवरची दोन पुस्तकं, त्यात पिवळ्या केलेल्या ओळी. डायरी आपण कुलपात ठेवतो आणि ही यादी मात्र रिक्षाच्या सीटवर!

तर मी फोनवरून खात्यात शिरले. अॅमेझॉनच्या वेबसाइटवर ‘कंटेंट अँड डिव्हायसेस’ असं एक पान असतं, त्यात तुमची सगळी यंत्रं दिसतात. किंडलच्या नावावर गेलं की सीरियल नंबर दिसतो. तो आधी लिहून घ्या, पुढे पोलिसांपासून कस्टमर केअरपर्यंत सगळे तोच विचारतात. आणि तिथेच ते बटण असतं : ‘डिरजिस्टर’. दाबलं की ते किंडल तुमच्या खात्यातून सुटतं. त्यानंतर त्यावरून खरेदी नाही, तुमची लायब्ररी नाही. तुमची पुस्तकं, नोट्स, खुणा खात्यात सुखरूप राहतात. नवं यंत्र घेतलं की परत येतात. नुसता पासवर्ड बदलून भागलं असं समजू नका. पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, पण यंत्र खात्यातून काढणं हे वेगळं काम आहे.

कंपनी दूर बसून आपल्या हातातल्या यंत्रात हात घालू शकते, हे जगाला कळलं ते जुलै २००९मध्ये. अमेरिकेत लोकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ रातोरात गायब झाली होती. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून कंपनीने ती परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. तेही ‘१९८४’! बोंबाबोंब झाली, जेफ बेझोसला माफी मागावी लागली. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने तर कोर्टात खेचलं, कारण पुस्तकाबरोबर त्याने शाळेसाठी काढलेल्या नोट्स निरुपयोगी झाल्या होत्या. तेव्हा त्या लांब हाताचा सगळ्यांना राग आला होता. त्या रात्री मी मात्र तो हात अजून थोडा लांब असता तर बरं, असं म्हणत होते.

कारण दोन अडचणी होत्या. पहिली : डिरजिस्टरचा निरोप किंडलला पोचायचा तर ते वायफायला जोडलेलं हवं. रिक्षाच्या सीटखाली कुठलं वायफाय? तोपर्यंत आतलं सगळं जसंच्या तसं उघडं. आणि दुसरी अडचण ऐकून तुम्ही मला शिव्या घालाल. ईमेलने पाठवलेली फाइल खात्यातून येते, त्यामुळे ती खात्याबरोबर जाते. मी मात्र मुलाखतींची पीडीएफ लॅपटॉपला केबल लावून थेट कॉपी केली होती. घाईत होते. केबलने टाकलेल्या फाइलचा खात्याशी संबंधच नसतो. डिरजिस्टर करा नाहीतर डोकं आपटा, ती आपली यंत्रातच.

शिवाय अजून एक पेच होता आणि त्यावर मी रात्रभर कूस बदलत राहिले. किंडल उघडलं की माझं नाव दिसतं. सापडलेला माणूस प्रामाणिक असला तर मला शोधायला त्याच्याकडे तेवढाच धागा आहे. डिरजिस्टर केलं की तो धागा मीच कापते. नाही केलं तर दार उघडं. प्रामाणिक माणसासाठी जे उघडं ठेवायचं, तेच लबाडासाठीही उघडं राहतं!

यावर एक जुगाड आहे आणि तो मस्त आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो, त्याच खात्याच्या पानावर दिसतो. तुमच्या मंजूर ईमेलवरून तिथे एक डॉक्युमेंट पाठवायचं आणि फाइलचं नावच ठेवायचं : ‘हे किंडल हरवलंय, कृपया या नंबरवर फोन करा’. किंडल वायफायला लागलं की यादीत सगळ्यात वर हेच पुस्तक! मी पाठवलं. आणि मग रात्री दोन वाजता दुसरा एक चाळा सुचला. फोनवरच्या किंडल अॅपमध्ये तेच पुस्तक उघडायचं आणि वाचनाची जागा पुढे सरकते का बघायचं. दोन्ही यंत्रं एकमेकांना पान कळवतात ना. मी ६२ टक्क्यांवर होते. ६३ झालं तर कोणीतरी वाचतंय! सकाळपर्यंत ६२च. दर अर्ध्या तासाने बघत होते, वेड्यासारखी.

पण या जुगाडाची मेख लक्षात घ्या. पासकोड लावलेला असला तर नावही दिसत नाही आणि ही फाइलही दिसत नाही. मग प्रामाणिक माणसाने करायचं काय? उत्तर शाळेतलंच आहे. जूनमध्ये ब्राउन पेपरचं कव्हर घातलं की वर काय चिकटवायचो आपण? लेबल! नाव आणि फोन नंबर, कव्हरच्या आतल्या बाजूला, साध्या स्टिकरवर. घराचा पत्ता नको. म्हणजे दार बंद आणि दारावर पाटी. माझं मत विचाराल तर आज, हे वाचून झाल्यावर, दोन्ही करा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ऑप्शन्स’, तिथे पासकोड. आणि किंडल हरवलं असेल, पासकोड नसेल, तर एका रात्रीपेक्षा जास्त प्रामाणिक माणसाची वाट बघू नका. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डिरजिस्टर दाबलं.

घरातच हरवलं असण्याची शक्यता असेल तर वायफायच्या राउटरमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. किंडल तिथे दिसलं तर ते घरातच, पलंगाखाली नाहीतर धुवायच्या चादरीत. नाही दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ते झोपलं की वायफाय सोडून देतं. माझ्या यादीत भावाचे तीन फोन निघाले, तो वेगळा विषय.

मग बोईसर स्टेशन. गाडीत राहिलं असेल तर आधी १३९ला फोन करायचा. तक्रारींपासून सुरक्षेपर्यंत रेल्वेचं सगळं आता या एका नंबरवर आहे. आरपीएफला सांगून ठेवायचं, गाडीची वेळ आणि डबा सांगायचा. पश्चिम रेल्वेच्या आरपीएफचं २०२२पासून ‘मिशन अमानत’ चालू आहे. सापडलेल्या सामानाचे फोटो आणि तपशील रेल्वेच्या वेबसाइटवर टाकतात, घरबसल्या बघता येतात. मी सगळी यादी चाळली. बॅगा, लॅपटॉप, फोन. आपलं काही नसताना दुसऱ्यांचं हरवलेलं सामान बघताना फार विचित्र वाटतं, एवढंच सांगते. जवानाने माझं सगळं नीट लिहून घेतलं. वस्तूचं नाव काय लिहू, म्हणाला. ‘ई-रीडर’ म्हटल्यावर जरा थांबला, मग ‘टॅब (पुस्तकाचा)’ असं लिहिलं. एकदम परफेक्ट!

कस्टमर केअरलाही कळवून ठेवा. सीरियल नंबरवर हरवल्याची नोंद झाली की ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या खात्याला जोडता येत नाही. फक्त एक करा, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर फिरवतो आणि तिथेच भामटे बसलेले असतात. अॅपच्या आतून ‘हेल्प’मध्ये जा. आणि ‘तुमची वस्तू सापडलीये, कुरिअर करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर वस्तू गेली समजा, ओटीपी देऊ नका. दिलाच असेल तर १९३० फिरवा, लगेच.

आता जे काम टाळत होते ते. तिघांना फोन. ‘तुमची माहिती असलेली फाइल माझ्या हातून हरवलीये’, हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. पहिला हसला, म्हणाला, कोण वाचतंय मॅडम एवढं! दुसऱ्याने विचारलं, ‘माझं नाव आहे त्यात?’ हो म्हटलं. ‘पूर्ण नाव?’ हो. तो बराच वेळ बोलला नाही, मग ठीक आहे म्हणून फोन ठेवला. रात्री त्याचा मेसेज आला की लेखात माझं काहीच घेऊ नका. घेतलं नाही. त्याच्या बोलण्यावर त्या लेखाचा अर्धा डोलारा होता. तिसरा म्हणाला, ‘सांगितलंत हे बरं केलं.’ आणि मग दहा मिनिटं स्वतःचा फोन हरवला होता त्याची गोष्ट सांगत बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर. आदल्या दिवशीही विचारून गेले होते, पण त्या रात्रीचा ड्रायव्हर आलेला नव्हता. आज होता. किंडलचं वर्णन पूर्ण व्हायच्या आतच तो चहाच्या टपरीकडे निघाला. टपरीवाल्याने बिस्किटांच्या बरणीमागून काढून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

‘मागच्या सीटच्या फटीत होतं,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘बंद पडलंय पण ते ताई. एकच चित्र अडकलंय, हलतच नाही. आम्ही चार्जिंगला पण लावून बघितलं.’

झोपलेल्या किंडलवर एक चित्र तसंच राहतं. ई-इंकला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून ते दिसत राहतं. यांना वाटलं हँग झालंय. बटण दाबलं असतं तर सगळं उघडलं असतं, माझ्या नावासकट.

‘रिक्षात फोन बरेच राहतात,’ तो सांगत होता. ‘अर्ध्या तासात वाजतो, आपण उचलतो, माणूस येऊन घेऊन जातो. हे वाजलंच नाही. फोन असता तर वाजला असता ना.’

मी कटिंग सांगितली आणि तिथेच बाकावर बसून किंडल जागं केलं. फोनचा हॉटस्पॉट चालू होताच, किंडलला तो ओळखीचा. दोन दिवस वाट बघत असलेला डिरजिस्टरचा निरोप तेव्हा पोचला आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक पुस्तक नाहीसं झालं. हरवल्याची पाटी पाठवली होती ती तर आलीच नाही. खाली एकच फाइल उरली होती, मुलाखतींची. ती मी तिथेच डिलीट केली आणि चार आकडे टाकून पासकोड लावला.

ड्रायव्हर मान वाकडी करून बघत होता. ‘मराठी पुस्तकं असतात का यात?’

‘असतात,’ मी म्हटलं, ‘पण आत्ताच सगळी गेली.’